पाण्याचं काम

त्या सप्टेंबरात बुस्लाऊका गावात
अकरा पोती बटाटे
मी एकट्यानं, एका दिवसात
धुऊन काढले.

ग्रोदनोत माझं औषधांचं दुकान.
नखं पांढरी ठेवायची, हात दिवसातनं वीसदा धुवायचे,
एवढाच काय तो माझा धर्म.
आणि जावई नवा. सासूला
काहीतरी करून दाखवायचं होतं.

विहिरीचा रहाट दिवसभर कुरकुरला.
बोटं बधिर झाली.
संध्याकाळी अंगणभर
न्हाऊ घातलेल्या बाळांसारखे
गुलाबी, तुळतुळीत, ओळीनं पडले होते सगळे.
रेन्या ओठ चावत घरात निघून गेली.
सासूबाई, युझेफा,
काठी टेकत आल्या, एक उचलून
उजेडाकडे धरला.
"छान," म्हणाल्या. "अगदी दुकानातल्यासारखे."

मला ते कौतुक वाटलं.

नाताळाच्या आठ दिवस आधी
तळघरातून वास वर आला,
आधी गोडसर,
मग भिंतीत उंदीर मेल्यासारखा.
कंदील घेऊन उतरलो, पोत्यात हात घातला,
तो मनगटापर्यंत आतच गेला.
बाहेर येऊन मी बर्फात ओकलो.
सात पोती गेली.
त्या हिवाळ्यात शेजारच्या त्सेसिल्याचे बटाटे खाल्ले.
पैसे तिनं घेतले नाहीत,
गोष्ट मात्र गावभर वाटली.
पोरं मला "बटाट्यांची सुईण" म्हणायला लागली.

सासूबाई काही बोलल्या नाहीत.
पुढच्या सप्टेंबरात फक्त
माझ्या हातातली बादली काढून घेतली.

काढले की सावलीत पसरायचे.
उन्हात नाही, हिरवे पडतात,
आणि हिरवा बटाटा म्हणजे रात्रभर पोटात कळ.
माती सुकू द्यायची.
सुकली की निम्मी आपणहून सुटते,
उरलेली तळव्यानं झटकायची,
घासायची नाही;
झोपलेल्या माणसाच्या अंगावरची
चादर नीट करतो ना आपण, तेवढंच.
फावडं लागलेला बाजूला. तो आधी खायचा.
थोडी माती राहिली तर राहू दे,
तिला आत काय चाललंय ते ठाऊक असतं.
"पाण्याचं काम चुलीपाशी," त्या म्हणाल्या,
"तळघरात त्याला आवतण द्यायचं नाही."

पण चुलीपाशी!
तिथं त्यांच्याइतकं निर्दय मी कुणी पाहिलं नाही.
घोड्याच्या केसांचा ब्रश, गार पाणी,
एकेक डोळा चाकूच्या टोकानं खरवडून काढायच्या.
पहिलं पाणी काळं, दुसरं चहासारखं,
तिसरं खिडकीपाशी नेऊन बघायच्या.
तळाशी एक कण दिसला
की चौथं.
"दाताखाली खर्र झालं
तर पाहुणा पुन्हा येत नाही."
द्रानिकी तव्यावर पडायची, चर्र व्हायचं,
आणि मग कुठे त्या
खुर्चीला पाठ टेकायच्या.

मार्चमध्ये गेल्या. जमीन अजून गोठलेली,
खड्डा खणायला दोन दिवस लागले.
बायकांनी त्यांना अंघोळ घातली.
मी दाराशी टॉवेल घेऊन उभा.
त्सेसिल्यानं साबण लावला, छोटा ब्रश घेतला
आणि त्यांच्या बोटांवर वाकली.
पेरांच्या भेगांतून, नखांच्या कडेनं
साठ सप्टेंबरांच्या काळ्या रेघा.
ती घासू लागली.

मी, गावाला साबण पुरवणारा,
पुढे झालो, तिचं मनगट धरलं.
"राहू दे."
तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
ब्रश तसल्यात ठेवला.
रेन्यानं एकेक बोट
कोरड्या फडक्यानं नुसतं टिपून घेतलं.

दुपारी माणसं येणार होती जेवायला, चाळीसएक.
मी तळघरात उतरलो.
कोपऱ्यात दोन पोती,
धुळकट, खडबडीत, टणक.
वर आणले. बाह्या सारल्या.
पहिलं पाणी काळं झालं,
दुसरं चहासारखं.
तिसरं खिडकीपाशी नेलं.
काही दिसलं नाही.

तरी चौथं केलं.